मेजरांचं चपलांचं दुकान, गडहिंग्लज : मेजर गेल्यानंतरचा रिव्ह्यू

रेटिंग आधी सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते खाली येईलच. दिवाळीनंतर मेजर गेले आणि तेव्हापासून ओळखीतले बरेच जण मला विचारतायत की दुकान चालू आहे का, आता चपला कोण बनवतं, क्वालिटी तीच राहिली का, आणि पुण्याहून एवढ्या लांब जाऊन ऑर्डर द्यायची की नको. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हटलं. पण या दुकानाबद्दल लिहायचं आणि मेजरांबद्दल लिहायचं नाही हे मला जमणार नाही, त्यामुळे रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांना फक्त भाव आणि वेळ हवीय त्यांनी सरळ शेवटी जावं.

संकेश्वरकडून गावात आलात की कुणालाही विचारा, मेजरांचं दुकान कुठंय. बोर्डावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. दुकान छोटं आहे, पुढं दोन माणसं बसतील एवढा बाक, आत काम चालतं, भिंतीला फर्मे म्हणजे पायाच्या आकाराचे साचे ओळीने टांगलेले, कोपऱ्यात पाण्याचं घमेलं ज्यात चामडं भिजत असतं. शोकेस वगैरे काही नाही. पाच-सहा तयार जोड खिळ्यांना लटकवलेले असतात तेवढंच, कारण इथं जवळपास सगळं मापावर बनतं. आणि काऊंटरच्या वर एक काचेची फ्रेम आहे, त्यात युनिफॉर्ममधला तरुण मेजरांचा फोटो आणि खाली दोन मेडल, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल. बाहेरगावचं गिऱ्हाईक ती फ्रेम बघून विचारायचंच, आणि मेजर हातातलं काम न थांबवता सांगायचे, "एकाहत्तरचं हाय."

आता एक गोष्ट स्पष्ट करते कारण बाहेरच्यांचा इथं घोळ होतो. ते रँकने मेजर नव्हते. आपल्याकडे कोल्हापूर-साताऱ्याकडे पेन्शनीत आलेल्या कुठल्याही फौजीला गाव मेजरच म्हणतं, तसंच हे. रिटायर झाले तेव्हा हवालदार होते. आणि पलटणीतली त्यांची ट्रेड होती ईबीआर, म्हणजे इक्विपमेंट अँड बूट रिपेअरर. सरळ मराठीत सांगायचं तर पलटणीचे मोची. हे ते स्वतः पहिल्या दोन वाक्यांत सांगायचे, मोठ्या आवाजात, समोरचा कोण आहे ते न बघता. आमच्या गावात ज्या काळात त्यांच्या वडिलांना लोकांच्या ओट्याखाली उभं राहून चपलेचं माप घ्यायला लागायचं, त्या काळात हा माणूस १९६६ ला बेळगावला मराठा सेंटरला भरती झाला आणि तेच काम युनिफॉर्म घालून केलं. मला वाटतं त्या मोठ्या आवाजामागं हे सगळं होतं. ते स्वतः कधी असं बोलून दाखवायचे नाहीत, पण दुकानात पहिली एक रीत होती ती बघा, गिऱ्हाईक बाकावर आणि मेजर समोर स्टुलावर, दोघं एका उंचीला. माप घेतानाच ते खाली वाकायचे, तेही काम म्हणून. पैसे द्यायची वेळ आली की दोघं उभे राहून.

लोकांना वाटतं फौजेत असतो तो फक्त बंदूकवाला. पलटणीबरोबर कुक असतो, न्हावी असतो, धोबी असतो, शिंपी असतो आणि ईबीआर असतो. ट्रेड्समन असले तरी ट्रेनिंग होतं, रायफल चालवायला येते, आणि लढाईत जखमींना उचलणं, दारूगोळा पुढं पोचवणं अशी कामं यांच्यावर येतात. नावात 'बूट' आधी ऐकू येतं पण इक्विपमेंटचं काम पण तेवढंच असतं, पिठ्ठूचे म्हणजे पाठीवरच्या सॅकचे पट्टे, पाऊचची बकलं, रायफलची स्लिंग, हे सगळं ईबीआरकडं येतं. मेजर सांगायचे की पट्टा कधी मधे तुटत नाही, जिथं शिवण संपते तिथं तुटतो, कारण सगळं वजन त्या शेवटच्या टाक्यावर येतं. म्हणून त्यांच्या चपलेचा पट्टा बघा, जिथं तो तळव्यात शिरतो तिथं शिवण परत मागं फिरवून आणलेली असते. मी बाकी कुठल्या दुकानात हे बघितलेलं नाही. माझ्या बाबांची चपल वर्षानुवर्षं वापरून तळ झिजला, टाच एका बाजूला उतरली, पण पट्टा उपटला नाही.

एकाहत्तरच्या लढाईबद्दल ते फार बोलायचे नाहीत, पण विचारलं तर टाळायचेही नाहीत. ते १ मराठा लाइट इन्फंट्रीत होते, म्हणजे जंगी पलटण. सीओ म्हणजे पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. मेघालयच्या बाजूने ९५ माउंटन ब्रिगेड तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, खाली उतरली, ४ डिसेंबरला कमालपूरची चौकी पडली, मग बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागं जाऊन रस्ता अडवायचा असा प्लॅन. नदी ओलांडताना तिथल्या गावकऱ्यांनी होड्या दिल्या, बैलगाड्या दिल्या, सामान वाहिलं. मेजर त्या गावकऱ्यांबद्दल फार आपुलकीने बोलायचे, म्हणायचे त्यांच्या अंगावर धड कपडा नव्हता पण पाणी विचारल्याशिवाय कुणी पुढं जाऊ दिलं नाही.

जमालपूरला समोर पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर हरदितसिंग क्लेर यांनी बलुचच्या कमांडरला, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदला, शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि त्याने उलटी चिठ्ठी पाठवली ती बंदुकीची गोळी गुंडाळून. हा किस्सा पुष्कळ ठिकाणी छापून आलाय, तुम्ही वाचला असेल. मग १० च्या रात्री ते लोक अंधारातून दक्षिणेकडं निसटायला निघाले आणि नेमके मराठ्यांनी अडवलेल्या रस्त्यावर आले. पहाटेपर्यंत चाललं. समोरची दोनशेच्या वर माणसं पडली. मेजर त्या रात्री स्ट्रेचरवर होते, म्हणजे जखमींना मागं आणायच्या कामावर. गोळीबाराचं, घोषणेचं, जिंकण्याचं ते एका वाक्यात संपवायचे. पण पायांचं मात्र तपशीलवार सांगायचे. आपल्या पोरांचे कॅनव्हासचे बूट नदी आणि भातखाचरं तुडवून सतत ओले, आतले पाय पांढरे पडून फुगलेले, तळ सुटायला लागलेले, आणि थांबायला वेळ नाही. जिथं अर्धा तास मिळेल तिथं हे आरी आणि मेणाचा दोरा घेऊन बसायचे आणि चिखलासकट बूट शिवायचे. सकाळी उजाडल्यावर रस्त्याच्या कडेला समोरच्या बाजूचा एक मेलेला जवान बघितला, तर त्याच्या बुटाच्या तळाला पण ठिगळ होतं, आणि टाके बारीक, सारखे, कुणीतरी मनापासून घातलेले. "त्येंच्यातला पण कुणीतरी माझ्यासारखा बसला आसंल की रात्रीचा," एवढं म्हणायचे आणि पुढचं बोलायचे नाहीत. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि एकाहत्तरवर जे काही वाचलंय त्यात मला हे कुठं भेटलं नाही.

पुढं टांगाईलकडं गेले. ११ तारखेला २ पॅरा ही छत्रीधारी पलटण तिथं विमानातून उतरली होती, आणि १२ ला पुंगलीच्या पुलापाशी जंगी पलटण त्यांना जाऊन मिळाली. २ पॅरा म्हणजे पूर्वीची ३ मराठा, त्यामुळे दोन्हीकडं आपलीच माणसं, रात्रीच्या अंधारात मराठीतून हाका. १६ डिसेंबरला ढाका. तिथपर्यंत किती बूट शिवले याचा हिशोब त्यांनी कधी सांगितला नाही आणि कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

१९८४ ला पेन्शनीत आले. तेव्हा माजी सैनिक म्हटलं की ठरलेलं, बँकेत गार्डची नोकरी. त्यांनाही मिळत होती, पगार चांगला, खुर्चीवर बसून काम, आणि घरात तीन पोरं शिकायची होती. घरच्या बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं की फौजेतून आलेल्या माणसाने परत चामडं हातात घेऊ नये. मामींनी मात्र सांगितलं म्हणे की तुम्हाला जे येतं ते करा, चपलेची वेणी मी घालते. आणि तिथून या दुकानाची सुरुवात झाली. मामी म्हणजे मेजरांच्या मंडळी, आम्ही सगळे मामीच म्हणतो. कोल्हापुरी चपलेत पट्ट्यावरची जी वेणी असते, चामड्याच्या बारीक वाद्या गुंफून केलेली, ते काम आपल्याकडं पहिल्यापासून घरातल्या बायका करतात आणि त्यांचं नाव कुठं येत नाही. मेजर चपल हातात देताना न चुकता सांगायचे की तळ माझा आहे आणि वेणी मालकीणबाईंची. मजुरी पण दोन वेगळ्या डब्यांत पडायची, एक मेजरांचा एक मामींचा. ही गोष्ट मला लहानपणी काही विशेष वाटली नव्हती. लग्न होऊन बाकीची घरं बघितल्यावर कळलं की किती विशेष होती.

दोन मुली आणि एक मुलगा. मोठी मुलगी जन्मली तेव्हा मेजर बॉर्डरवर, पत्र पोचायला वेळ लागला, पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती बसायला लागली होती. फौजेतल्या घरांची हीच कहाणी, लेकरं बाप फोटोत ओळखतात. बहुतेक त्याची भरपाई म्हणून असेल पण रिटायर झाल्यावर मुलींना शाळेत सोडणं, आणणं, डबा, परीक्षेच्या वेळी बाहेर थांबणं सगळं ते करायचे, त्या काळात आमच्या भागात बापलोक हे करत नसत. दोघी शिकल्या, एक नर्स झाली, एक शाळेत शिकवते. नातवंडं पाऊल टाकायला लागली की पहिली चपल आजोबांच्या हातची, तळहाताएवढी, मऊ शेळीच्या चामड्याची, तिला टाच नाही. ती विकायला कधी ठेवली नाही. माझ्या मुलासाठी मागितली होती, पैसे घेतले नाहीत.

आता माप घ्यायची पद्धत, कारण इथं यायचं खरं कारण ते आहे. मेजर सकाळी माप घ्यायचे नाहीत. संध्याकाळी चारनंतर या म्हणायचे, दिवसभर चालून पाय थोडा फुगतो आणि चपल त्या पायाला बसली पाहिजे. दोन्ही पायांचं माप वेगळं घ्यायचे. "पाय दोन असत्यात, सारकं नसत्यात बगा." जाड कागदावर उभं करायचे, पूर्ण वजन देऊन, पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती फिरवायची, मग कमानीखाली बोट घालून बघायचं किती जातं, आणि कागदावर एक खूण. मग पंज्याचा घेर, अंगठ्याच्या मुळाशी. मग तुमची जुनी चपल मागून घ्यायची आणि उलटी करून तळ बघायचा. कुठं झिजलंय त्यावरून चालणं कळतं, बाहेरच्या कडेला झिजत असेल तर टाचेच्या थरात त्या बाजूला एक पातळ पट्टी जास्त. आणि पोटऱ्या दुखतात का, शुगर आहे का, उभ्याने काम आहे का, हे प्रश्न. शुगर असलेल्या माणसाला ते अंगठ्याची चपल करून द्यायला कां कू करायचे, बोटांच्या मधे घासून जखम झाली तर भरत नाही म्हणून, त्यांना रुंद पट्ट्याची वेगळी करून द्यायचे आणि रोज रात्री तळपाय आरशात बघा म्हणून सांगायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाचा कागद नाव-तारीख घालून जपून ठेवलेला, फाईलला दोरी बांधून. पलटणीतली सवय. माझ्या आजोबांचा कागद अजून तिथं आहे.

चपलेबद्दल. तळाला म्हशीचं चामडं, झाडपाल्यावर कमावलेलं म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा वापरून, वरच्या पट्ट्याला शेळीचं. चामडं अथणी भागातून येतं, तिकडं अजून जुन्या पद्धतीने काम करणारी घरं आहेत. खिळा नाही. थर आधी खळीने बसवून मग चामड्याच्या वादीने शिवलेले. रंग म्हणाल तर साधा पिवळसर तपकिरी, तेल पिऊन हळूहळू गडद होतो. लाल, काळा, सोनेरी असले रंग इथं मिळत नाहीत. प्रकार मोजकेच, कापशी, पुडा आणि त्यांची स्वतःची एक साधी रोज वापरायची, जिला दुकानात सगळे पलटण चपल म्हणतात, कारण टाचेला जास्तीचा थर आणि पट्टा रुंद.

पहिले काही दिवस चावते. हे खरं आहे आणि कुणी सांगितलं की चावत नाही तर ती अस्सल नाही. झाडपाल्यावर कमावलेलं चामडं सुरुवातीला कडक असतं आणि मग ते तुमच्या पायाचा आकार घेतं, टाचेचा खड्डा पडतो, अंगठ्याची जागा होते, मग दुसऱ्या कुणाला ती चपल होत नाही. घरात संध्याकाळी थोडा वेळ घालायची, आतून पट्ट्याला खोबरेल लावायचं, पावसात अजिबात नाही. भिजलीच तर सावलीत वाळवायची, उन्हात टाकली की तडकते.

मी मधे एका मोठ्या शहरातल्या शोरूममधून घाईत एक जोड घेतला होता, बिलावर हॅन्डमेड कोल्हापुरी असं छापलेलं, दोन महिन्यांत तळाची वरची चकती सोलून आली आणि आत पुठ्ठा निघाला. मेजरांना दाखवला तर नाव विचारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, कडेचा एक काप काढून दाखवला. अस्सल चामड्याची कापलेली कड आतपर्यंत एकाच रंगाची आणि धागेदार दिसते. नकलीत वर एक पातळ थर आणि खाली भरणा. दुसरं, वास घ्या, रंगाचा केमिकल वास आला तर ठेवून द्या. तिसरं, तळ हळूच वाकवून बघा, अस्सल तळ वाकतो आणि परत सरळ होतो. चौथं त्यांनी सांगितलेलं मला सगळ्यात उपयोगी पडलं, शिवण वरून आणि खालून दोन्हीकडून बघा, बऱ्याच चपलांना वरून दिखाव्याचे टाके असतात आणि खाली नुसता डिंक.

२०२५ च्या जूनमध्ये ते प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचं झालं, मिलानच्या शोमध्ये आपल्यासारख्याच चपला, तेव्हा दुकानात खूप लोक यायला लागले, कुणी व्हिडिओ काढायला, कुणी मेजरांनी काहीतरी तिखट बोलावं म्हणून. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे त्यात येतात, आणि तिकडं शोमध्ये कोल्हापूरचं नावही नव्हतं, म्हणून लोक चिडले होते, मीही चिडले होते. पुढे त्या कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या कारागिरीची आहे. मेजरांनी मोबाईलवर फोटो मोठा करून करून नीट बघितला आणि म्हणाले की काम सफाईचं आहे, वेणी नाही. मग लगेच विचारलं की तिथं शिवणाऱ्याला किती देतात. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या मते त्या सगळ्या गोंधळातला तो सगळ्यात योग्य प्रश्न होता, आणि आपण आपल्याकडच्या दुकानांनाही तो विचारायला पाहिजे, कारण शोरूममध्ये तीन हजाराला विकल्या जाणाऱ्या जोडातले करणाऱ्या घरापर्यंत किती पोचतात हे आपण कधी बघत नाही.

या दुकानाची अजून एक गोष्ट म्हणजे भरतीची पोरं. आमच्याकडे पहाटे रस्त्यावर बघाल तर पोरं पळत असतात, सोळाशे मीटरची तयारी. महागडे शूज कुणाकडे नसतात, एकच जोड फाटेपर्यंत. मेजर सकाळी सहाला दुकान उघडायचे ते फक्त यांच्यासाठी. तळ चिकटवणं, टाचेत चकती घालणं, नखं कशी कापायची, मोजे ओले ठेवू नका, फोड आला तर फोडू नका. पैसे भरती झाल्यावर द्या म्हणायचे आणि भरती झालेली पोरं खरंच पहिल्या सुट्टीला येऊन द्यायची, मेजर मिठाई ठेवून घ्यायचे आणि पैसे परत. सुट्टीवर आलेल्या जवानाच्या कुठल्याही दुरुस्तीला इथं पैसे पडत नाहीत. हे आजही चालू आहे, भिंतीवर पाटी नाही पण नियम आहे.

गेले ते ७८ व्या वर्षी, फार आजारी न पडता, आदल्या संध्याकाळपर्यंत कामावर होते. मी पोचले तेव्हा घरासमोर जागा नव्हती. माजी सैनिक आले होते, कुणी फौजी बेरे टोपी घालून, कुणी ब्लेझरवर मेडल लावून, त्यांनी पुष्पचक्र वाहिलं, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' झालं तेव्हा म्हातारे म्हातारे लोक ताठ उभे होते. आणि बाहेर अंगणात काढून ठेवलेल्या चपला बघितल्या तर निम्म्याच्या वर त्यांच्या हातच्या, मागं फिरवलेली शिवण लांबूनसुद्धा ओळखू येते. गावातल्या ज्या वाड्यांच्या ओट्याखाली त्यांचे वडील उभे राहायचे त्या वाड्यांतली माणसं खांदा द्यायला पुढं होती. मला रडू आलं ते हे बघून.

आता दुकान मुलगा बघतो, आम्ही दादा म्हणतो. आयटीआय केलेला, काही वर्षं एमआयडीसीत होता, मग वडिलांच्या हाताखाली आला. मेजर गेल्यानंतर मी मुद्दाम जोड करायला टाकला, कागद नवीन काढायला सांगितलं. दादाने पण चारनंतरच बोलावलं, दोन्ही पाय वेगळे, कमानीखाली बोट. हात मेजरांएवढा जलद नाही, तळाची कड थोडी जाड ठेवतो, रापी शेवटी जरा जपून चालवतो, पण टाके बघितले, सारखे आहेत, पट्ट्याची शिवण मागं फिरवलेली आहे. वेणी मामींचीच. मामी आता सकाळी दुकानात येऊन बसतात, पहिल्या कधी पुढं बसायच्या नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय पण वेणी घालताना बघायला लागत नाही त्यांना, बोलता बोलता बोटं चालतात. दादाने बायकोला शिकवायला घेतलंय आणि भावकीतली अजून दोन पोरं शिकायला येतात, मजुरीचे डबे आता चार झालेत.

तो जोड मी आता रोज घालते. डावा पहिल्या दिवसापासून बसला, उजव्याला अंगठ्याशी जरा घट्ट वाटत होतं, दादाने लगेच ओला करून फर्म्यावर चढवून एक रात्र ठेवला, मग ठीक. अर्धा मार्क कापला तो वेळेचा. सांगितलं तीन आठवडे, लागला दीड महिना, आणि मधे फोन उचलला गेला नाही. एकटा माणूस आहे, ऑर्डरी वाढल्यात हे कळतं, तरी बाहेरगावच्या माणसाला आधी कळवलं पाहिजे. हे मी दादाला तोंडावर सांगितलंय, त्याने वहीत तारखा लिहायला सुरुवात केलीय.

भाव : साधी पलटण चपल १,८०० पासून, कापशी २,५०० च्या पुढं, वेणीचं काम जास्त असेल तर ३,५०० पर्यंत. घासाघीस होत नाही, करू पण नका. निम्मे पैसे आधी. आता फोनवरून पेमेंट चालतं. बाहेरगावी असाल तर दोन्ही पाय वेगवेगळ्या जाड कागदावर संध्याकाळी काढून कुरिअर करा, मोबाईलवर फोटो पाठवला तर दादा घेत नाही, फोटोत माप बदलतं. त्यांनी स्वतः केलेल्या चपलेची दुरुस्ती कितीही जुनी असली तरी करून मिळते, दुसरीकडच्या चपलेची फक्त शिवलेली असेल तर. पावसाळ्यात नवीन ऑर्डर घेत नाहीत, चामडं नीट वाळत नाही. आठवडी बाजारादिवशी जाऊ नका, बसायला जागा मिळत नाही आणि माप घाईत होतं. शुगर असेल तर ते आधीच सांगा. दिवाळीला हवी असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत माप देऊन ठेवा, मामींच्या हातची वेणी हवी असेल तर ते पण तेव्हाच सांगा.